भिंतीला वाचून दाखव

१

रोज दुपारी चार वाजता हिस्के चहाचा मग आणि एक बिस्किट घेऊन आपल्या खोलीत जायची, पलंगावर मांडी घालून बसायची आणि भिंतीला कादंबरी वाचून दाखवायची.

यात वेडेपणा काही नव्हता. भिंतीपलीकडे फ्राउकेची खोली होती. फ्रिजलंड प्रांतातल्या लेउवार्डेन गावच्या त्या गल्लीत घरं एकमेकांना चिकटून रांगेत उभी आहेत, आणि शेजारशेजारची दोन घरं आरशात पाहावीत तशी उलट. हिस्केकडे जिना डावीकडे, तर फ्राउकेकडे उजवीकडे. हिच्या पलंगाची उशाकडची बाजू ज्या भिंतीला टेकलेली, त्याच भिंतीला पलीकडून तिच्या पलंगाची. हिस्केचं घर रांगेतलं शेवटचं, दुसऱ्या अंगाला नुसतं गवत आणि कालवा. शेजार म्हणून जो काही होता तो फ्राउके आणि तिची आई, एवढाच.

दोघी वाचायला शिकल्या तेव्हापासूनचा हा खेळ. पुस्तक एक, कान दोन खोल्यांत. एक प्रकरण हिस्के वाचणार, मग पुस्तक खिडकीतून पलीकडे जाणार आणि पुढचं फ्राउके वाचणार. ठोक्यांचे नियमही तेव्हाचेच. एक ठोका म्हणजे पुढे वाच. दोन ठोके म्हणजे आता थांब, माझी पाळी. सोळाव्या वर्षीही तो खेळ सुटला नव्हता. शाळेत मात्र दोघींनी कुणाला त्याचा पत्ता लागू दिला नव्हता.

आणि मग भांडण झालं. हिस्केला एक खोड होती, ती शेवटचं पान आधी वाचायची. दोन मुली ओहोटीच्या वेळी समुद्रातला चिखल तुडवत बेटाकडे चालत निघतात आणि भरती त्यांच्या मागे लागते, अशी एक जाडजूड कादंबरी त्या दोघी तेव्हा वाचत होत्या. त्यातली कोण बुडणार या काळजीने फ्राउकेची झोप उडाली होती. हिस्के भर वर्गात म्हणाली, "अगं, कुणी नाही बुडत. दोघी पोहोचतात." सगळे हसले. फ्राउके नाही हसली. घरी येताना सायकलवरून उतरून ती एवढंच म्हणाली, "यापुढे मला नको वाचून दाखवू. भिंतीला वाचून दाखव."

त्याच आठवड्यात साथीमुळे शाळा बंद झाल्या. ग्रंथालय बंद होण्याच्या आदल्या दिवशी सगळं गाव तिथे लोटलं होतं. हिस्केने कुमारांच्या कादंबऱ्यांच्या कप्प्यातून हाताला येईल ते पिशवीत कोंबलं, ओहोटीचं पुस्तक आधीपासून घरी होतंच. फ्राउकेचा फोन लागत नव्हता. संदेश पाठवावा तर तो पोहोचतच नव्हता, तिने हिस्केचा नंबर सरळ बंद करून टाकला होता. फ्रिजलंडच्या माणसाचा राग म्हणजे राग. मग हिस्केने तिचं बोलणं शब्दशः घेतलं आणि भिंतीला वाचून दाखवायला बसली.

पहिले काही दिवस पलीकडे शुकशुकाट होता. हिस्के मुद्दाम मोठ्याने वाचायची, पात्रांचे आवाज काढायची, मधेच "ऐकतेयस ना गं?" म्हणायची. एके दिवशी प्रकरण संपवून तिने पुस्तक मिटलं. तेवढ्यात भिंतीवर ठोका पडला. एकच.

हिस्केला इतका आनंद झाला की चहा गादीवर सांडला. माफी मिळाली नव्हती, पण दार किलकिलं झालं होतं.

२

त्यानंतर दिवसाची घडी बसली. सकाळी पडद्यावरची शाळा, दुपारी चीज घातलेला पाव, आणि चारला वाचन. खाली स्वयंपाकघराच्या टेबलावर बाबा कानाला हेडफोन लावून दूध संघाच्या बैठका करायचे. आई-बाबा वेगळे झाल्यापासून घरात दोघंच होती, आणि बाबांना, म्हणजे गेर्बेनना, शांतता आवडायची.

"काय, भिंत काय म्हणते?" जेवताना ते विचारायचे.

"भिंतीला तुमच्यापेक्षा जास्त गोष्टी कळतात."

"कळणारच. तिच्या डोक्यात निदान पोकळी तरी आहे. आपली भिंत दुहेरी आहे, ठाऊक आहे ना? एक आपली, एक त्यांची, आणि मधे वीतभर रिकामी जागा. आवाज जाऊ नये म्हणून."

"जातो की पण."

"जातो खरा," बाबा म्हणाले आणि बटाटे पुढे सरकवले.

हिस्केच्या मनात शंकेचा पहिला खडा पडला तो ठोक्याच्या जागेमुळे. फ्राउके नेहमी उशाशी ठोकायची, बोटाच्या पेराने, खणखणीत. आता ठोका यायचा खालून, जमिनीलगत जिथे लाकडी पट्टी संपते तिथून. आवाजही बद्द होता. पेराचा नव्हे, तळव्याचा म्हणावा असा. पलीकडे ती जमिनीवर पडून ऐकत असेल, असं हिस्केने ठरवून टाकलं. पाय भिंतीवर टाकून जमिनीवर लोळायची फ्राउकेला सवय होतीच.

दुसऱ्या दिवशी ठोका कपाटामागून आला. मग वर छताजवळून, जिथे हात पोहोचायला खुर्ची लागेल.

"तुला एका जागी बसवत नाही का गं?" हिस्के भिंतीला म्हणाली.

एक ठोका. पुढे वाच.

आणि तिच्या लक्षात आलं की हल्ली ठोका जरा लवकर येतो. पूर्वी तो प्रकरण संपल्यावर यायचा. आता शेवटच्या वाक्याच्या आधीच, ती श्वास घ्यायला थांबली की. घाई झाल्यासारखा. दोन ठोके मात्र कधी येत नव्हते. फ्राउकेला आपली पाळी नकोच होती, तिला नुसतं ऐकायचं होतं. हिस्के मनात म्हणाली, शिक्षा देतेय मला. देऊ दे.

एकदा पावासाठी बाहेर पडली तेव्हा मान वर करून पाहावं असं तिला वाटलं होतं. फ्राउकेच्या खिडकीला पडदा नव्हता, त्या गल्लीत कुणाच्याच नसतो. पण पडदा नाही म्हणून कुणी आत डोकावत नाही, तो उद्धटपणा झाला. हिस्के समोर बघत चालत राहिली.

३

एप्रिलअखेरीस राजाच्या वाढदिवसाला यंदा जत्रा नव्हती, बाजार नव्हता. सगळ्यांनी आपापल्या दारात उभं राहून गाणं म्हणायचं, असं ठरलं होतं. गल्लीच्या टोकाला कुणीतरी तुतारी वाजवायला घेतली आणि सूर कुठेतरी भलतीकडेच गेला. हिस्के राजघराण्याच्या नारिंगी रंगाची टोपी घालून उंबऱ्यात उभी होती. शेजारच्या दारात चित्स्के, फ्राउकेची आई, एकटीच होती. ती वृद्धाश्रमात परिचारिका होती. साथ आल्यापासून तिचा चेहरा धुऊन वाळत घातलेल्या कापडासारखा झाला होता.

"चित्स्के, फ्राउके नाही आली बाहेर?" हिस्केने कुंपणावरून विचारलं. "अजून रागावलीय का माझ्यावर?"

चित्स्के तिच्याकडे बघत राहिली. "अगं, ती बेटावर आहे. तिच्या वडिलांकडे."

"कधी गेली?"

"शाळा बंद झाली त्याच दिवशी. मी रोज आजारी म्हाताऱ्यांत, तिचा हा असा दमा. म्हटलं, पोरीला इथे ठेवणं बरं नाही. तुला सांगितलं नाही तिने? कमाल आहे तुम्हा दोघींची!"

हिस्केच्या डोक्यावरची टोपी कुणीतरी घट्ट आवळल्यासारखी वाटली. "म्हणजे घरात कुणीच नाही?"

"मी आहे की. पण मी असून नसल्यासारखी. खालीच सोफ्यावर झोपते." चित्स्केने हातातल्या पेस्ट्रीवरची नारिंगी साखर बोटाने खरवडली. "वर जायचा कंटाळा येतो हल्ली."

"दमत असाल."

"हो," चित्स्के म्हणाली. "दमते." आणि ती आत वळली तेव्हा तुतारीवाला अजून तोच सूर शोधत होता.

४

माणसाचं डोकं मोठं सोयीस्कर असतं. संध्याकाळपर्यंत हिस्केने तीन-चार कारणं तयार केली होती. पाण्याचे नळ. ऊन पडलं की फुगणारं लाकूड. कबुतर. पोकळीत शिरलेला उंदीर, आणि तोही साहित्याची आवड असलेला.

दुसऱ्या दिवशी तिने परीक्षा घ्यायची ठरवली. आधी गणिताचं पुस्तक मोठ्याने वाचलं. काही नाही. मग रसायनशास्त्र. काही नाही. मग पिशवीतली दुसरी एक कादंबरी काढली, त्यातल्या बोर्डिंगमधल्या मुलीची आई तिला न्यायला येत नाही तो भाग वाचला, आणि मधेच थांबली.

एक ठोका.

ती जिना उतरली ती थेट बाबांच्या समोर येऊन उभी राहिली. गेर्बेननी हेडफोन काढला. पोरीचा चेहरा पाहून त्यांनी चेष्टा केली नाही, हे तिला नंतर आठवलं की रडू यायचं.

शेजारच्या घराची किल्ली यांच्याकडे असायची आणि यांची त्यांच्याकडे, झाडांना पाणी घालायला. चित्स्के कामावर गेली होती. बाबा किल्ली घेऊन पलीकडे गेले, फ्राउकेच्या खोलीत उभे राहिले आणि त्यांनी हिस्केला फोन लावला.

"सगळं ठीक आहे इथे. पलंग, टेबल, आणि ती घोड्याची चित्रं. धूळ आहे थोडी. वाच तू, मी ऐकतो."

हिस्केने फोन उशीवर ठेवला आणि वाचायला सुरुवात केली. परिच्छेद संपला. ती थांबली.

ठोका पडला. बद्द, खालून.

"बाबा, तुम्ही ठोकलंत?"

"नाही. तूच ठोकलंस ना?"

"मी पलंगावर बसलेय."

"हे बघ, इथे स्पष्ट ऐकू आलं. तुझ्या बाजूने आलं."

"इथे तुमच्या बाजूने आलं, बाबा."

मग गेर्बेन हसले, पण ते हसू त्यांनी कुठून तरी उसनं आणलं होतं. "नळ असणार. जुने नळ असलं काय काय करतात." घरी परत आल्यावर त्यांनी हात धुतले, साथीच्या दिवसांत सगळेच धुवायचे तसे, पण जरा जास्तच वेळ. मग कुणी न सांगता त्यांनी हिस्केची गादी खाली बैठकीच्या खोलीत आणून टाकली.

"तिथे वारा बरा येतो," ते म्हणाले.

५

हिस्केने वाचणं बंद केलं. मे महिना उजाडला होता, कालव्यावर बदकांची पिल्लं आली होती, आणि तिला घरात कुठेच चैन पडत नव्हतं. सोफ्यावर बसली की पाय हलायचे. उभी राहिली की कुठे जायचं ते कळायचं नाही. चार वाजले की कान आपोआप जिन्याकडे लागायचे.

सुरुवातीला ठोके आले. एक. थोड्या वेळाने परत एक. पुढे वाच, पुढे वाच. मग ते थांबले आणि कुजबुज सुरू झाली.

ती जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून ऐकायची. त्याहून वर जायची छाती होत नव्हती. शब्द नव्हते. तोंडात काहीतरी भरून कुणी बोलावं तसा आवाज, पण त्याला चढउतार होता. कुठे थांबायचं, कुठे घाई करायची, संवाद आला की सूर कसा बदलायचा. ती चाल हिस्केच्या ओळखीची होती. ती तिचीच वाचायची चाल होती. गेर्बेन टेबलाशी बसून बैठकीतला आवाज मोठा करायचे.

"नळ," ती एकदा त्यांना म्हणाली.

"नळच," ते म्हणाले, आणि दोघांनीही विषय तिथेच सोडला.

अशात फ्राउकेचा संदेश आला. इतक्या आठवड्यांनी.

"आई म्हणते तू माझ्या रिकाम्या खोलीला पुस्तक वाचून दाखवत होतीस. तू ठार वेडी आहेस."

हिस्केने तो इतक्यांदा वाचला की अक्षरं सुटी झाली. मग तिने लिहिलं, "तूच सांगितलं होतंस."

"मी म्हटलं म्हणून विहिरीत उडी मारशील?"

"अजून रागावलीयस?"

यावर उत्तर यायला खूप वेळ लागला. "शाळा उघडतेय. शनिवारच्या बोटीने येतेय. शेवटचं प्रकरण वाचलंस का?"

"नाही. तुझ्यासाठी ठेवलंय."

"मग ते वाचून दाखव. रागाचं त्यानंतर ठरवते."

हे हिस्केसाठी काय होतं ते सांगायला नको. तिला दुसरी मैत्रीण नव्हती, असा साधा हिशेब होता. पण फ्राउके परत येणार म्हणजे त्या खोलीत झोपणार, त्या भिंतीशी उशी लावून. हिस्केने बोटं चावत लिहिलं, "त्या खोलीत नको झोपूस. भिंतीत काहीतरी आहे."

"झालं सुरू! आधीच शेवट सांगू नकोस म्हटलं ना."

६

फ्राउके आली तेव्हा तिचं नाक उन्हाने सोललेलं होतं आणि केसांना अजून समुद्राचा वास होता. कुंपणाच्या दोन बाजूंना, नियमाप्रमाणे अंतर ठेवून, दोघी उभ्या राहिल्या. मिठी मारायची सोय नव्हती.

"जाड झालीस," फ्राउके म्हणाली.

"तू काळी झालीस."

मग दोघी हसल्या, आणि हिस्केला वाटलं, बस, एवढंच हवं होतं. पण तिने सगळं सांगितलं. ठोके, बाबांचा फोन, कुजबुज. फ्राउके केसांची एक बट तोंडात धरून चघळत ऐकत होती, विचारात पडली की ती तसंच करायची. तिने चेष्टा केली, पण मधेच तिची नजर आपल्या घराच्या दाराकडे गेली. चित्स्के दारातून सामान आत घेत होती आणि सगळ्या पिशव्या जिन्याखालीच ठेवत होती.

"आई म्हणाली, आज माझ्याबरोबर खालीच झोप," फ्राउके म्हणाली. "मला वाटलं, तिला एकटं वाटतं म्हणून."

"वचन दे. खोलीत जायचं नाही. गेलीस तर ठोकायचं नाही."

"दिलं बाई, दिलं. पण उद्या चार वाजता प्रकरण मात्र पाहिजे. कालव्याच्या बाकावर. एका टोकाला तू, एका टोकाला मी. आणि आवाज काढून वाचायचं, रडवायचं मला."

"म्हणजे मग राग संपला?"

"प्रकरण तर ऐकू दे," फ्राउके म्हणाली आणि जीभ दाखवून आत पळाली.

७

चार वाजायच्या आधीच हिस्के बाकावर येऊन बसली होती. मांडीवर ओहोटीचं पुस्तक, शेजारी दोन बिस्किटं. फ्राउके आली नाही. एक बदक येऊन बिस्किटांकडे बघून गेलं. मग फोन वाजला.

"माझा स्वेटर वर राहिला होता, फक्त तो घ्यायला आले गं. चिडू नकोस. पण तू सुरूच केलंस? थांबायचं तरी."

हिस्केला नीट कळलं नाही. ती लिहायला लागली तोवर दुसरा संदेश आला.

"छान वाचतेयस. आधी इतकं छान कधीच वाचलं नव्हतंस."

"मी बाकावर आहे," हिस्केने लिहिलं. "फ्राउके, मी बाकावर आहे. खाली ये."

"हो का? मग हे कोण वाचतंय? मधे दोनदा ठोकलंस म्हणून मीही बोलले. पुस्तक माझ्याकडे नाही म्हटलं, तर आठवेल ते म्हण म्हणालीस. किती बोलायला लावलंस!"

हिस्के उठली. बिस्किटं खाली पडली. गवतातून पळताना हातातला फोन परत थरथरला.

"शेवट बदललास ना? वर्गात म्हणाली होतीस दोघी पोहोचतात. यात तर एक मागेच राहते. चिखलातून नुसती हाक मारते, जवळ ये, जवळ ये. आवाज बारीक होत चाललाय. आणखी किती जवळ येऊ?"

गल्लीत पोहोचल्यावर हिस्केने आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या खिडकीत मान वर करून पाहिलं. फ्राउके भिंतीशी, पलंगावर गुडघे टेकून बसली होती. गाल भिंतीला लावलेला, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर गोष्ट ऐकतानाचं हसू. आणि तिच्या गालासमोर भिंतीवर चिकटवलेला कागद आतून फुगलेला होता. फुगवट्याला आकार होता. गालाला गाल लागावा, इतकाच.

"बाबा!" ती आपल्या दारातूनच ओरडली. "किल्ली! चित्स्के कामावर गेलीय, फ्राउके वर एकटी आहे!"

गेर्बेननी काही विचारलं नाही. खुर्ची पडल्याचा आवाज आला आणि ते धावत बाहेर गेले. हिस्के जिना चढली. इतक्या दिवसांत न चढलेल्या पायऱ्या तिने कशा पार केल्या तिलाच ठाऊक नाही.

खोलीत तिचाच आवाज भरलेला होता. भिंतीतून येत होता, स्वच्छ, सावकाश, कुठेही न अडखळणारा. इतकं छान ती खरंच कधी वाचत नव्हती. "जवळ ये," तो आवाज म्हणत होता. "अजून थोडं."

ओरडून उपयोग नव्हता. पलीकडे तिची हाक आणि तो आवाज यातला फरक कुणाला कळणार? मग तिला नियम आठवला. ती पलंगावर चढली आणि उशाशी, बोटाच्या पेराने, खणखणीत ठोके दिले. दोन.

थांब. आता माझी पाळी.

आवाज थांबला. वाक्याच्या मधेच.

हिस्केने पुस्तक उघडलं आणि शेवटचं प्रकरण वाचायला लागली. अक्षरं नाचत होती. पण भिंत ऐकत होती हे तिला कळत होतं. कागदामागे काहीतरी सरकत तिच्या बाजूला येत होतं, पलंगामागून, हळूहळू वर. ती वाचत राहिली. पाणी गुडघ्याला लागलं. पाणी कमरेला लागलं. पलीकडे दार उघडल्याचा आवाज, बाबांची हाक, काहीतरी पडल्याचा आवाज. धाकटीचा पाय चिखलात रुतला. मोठी मागे वळली. हिस्के थांबली नाही, श्वास घ्यायलाही नाही. पायाखाली वाळू लागली, बेटावरचा दिवा दिसला, आणि दोघी पोहोचल्या. पुस्तकात पुढे काही नव्हतं.

"आणलं बाहेर!" खालून गेर्बेनचा आवाज आला. "ठीक आहे ती! ठीक आहे!"

हिस्केने खिडकीतून पाहिलं. पदपथावर बाबा गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होते. त्यांच्याजवळ, स्वेटर छातीशी धरून, फ्राउके उभी होती. तिच्या एका गालावर भिंतीच्या कागदामागचा पांढरा चुना लागला होता. केसांची बट तोंडात धरून, ओठ घट्ट मिटून, ती वर बघत होती. हिस्केने हात हलवला. मग ती पलंगाच्या कडेला, भिंतीशी बसली. संपलं होतं. आता खाली जायचं, आणि ही गल्लीच सोडून द्यायची. बाबा ऐकतील. आज ऐकतील.

भिंतीवर ठोके पडले. उशाशी, अगदी फ्राउकेच्या जागी. दोन.

मग कुणीतरी वाचायला सुरुवात करण्याआधी घेतात तसा श्वास घेतला.

"हिस्के," फ्राउकेचा आवाज भिंतीतून म्हणाला. जरा बसका, समुद्रावरून आल्यासारखा, तिचाच. "मी नाही रागावले गं. कधीच रागावले नव्हते."

खिडकीखाली फ्राउके उभी होती. ओठ मिटलेले, तोंडात केसांची बट. पलंगावरून मान उंचावली की हिस्केला ती स्वच्छ दिसत होती. शाळा बंद झाल्यापासून याच एका वाक्यासाठी हिस्के चार वाजायची वाट बघत आली होती, आणि खालच्या फ्राउकेने ते अजून उच्चारलेलं नव्हतं.

"खरंच?" हिस्के म्हणाली. तिला म्हणायचं नव्हतं.

"खरंच. पण मोठ्याने नाही बोलता येत. जरा इकडे ये."

गालाला भिंतीचा गारवा लागला, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपण जवळ गेलो आहोत.